अर्जदार, यंत्र आणि तपासनीस

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे एक लहानसे गाव आहे; तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी क्रमिक पुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, पुढे शासनाने ती कल्पना राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत अंगीकारली आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, हा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. त्यामानाने अल्पश्रुत गोष्ट अशी, की पाठ्यपुस्तकांवरचे असे कोड ज्या ‘दीक्षा’ या व्यासपीठाकडे नेतात, ते ‘सनबर्ड’ नावाच्या मुक्तस्रोत प्रणालीवर उभे आहे. म्हणजे तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते, फुकट वापरता येते आणि तीत दुरुस्ती सुचविता येते.

आजवर ही शेवटची मुभा सामान्य माणसाच्या बाबतीत बव्हंशी कागदोपत्रीच होती. प्रोग्रामिंग न येणाऱ्याने भाषांतर करावे, मदतपुस्तिका लिहावी, फार तर दोष कळवावा, आणि दुरुस्तीसाठी एखाद्या जाणकाराची मर्जी होईपर्यंत वाट पाहावी, असा रिवाज होता. आता कृत्रिम बुद्धिमत्तेस मराठीत अडचण सांगितली, की ती दुरुस्तीच्या ओळी लिहून देते.

ग्रंथालयाची सूची संगणकावर, एखाद्या मुक्तस्रोत प्रणालीत ठेवणाऱ्या ग्रंथपालाचा विचार करा. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, हा भेद आपल्याकडे शाळकरी पोरही जाणते. परंतु पहिल्या शब्दातला तो आडवा अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठविला जातो: एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. एका रीतीने टंकलेले दुसऱ्या रीतीने शोधू जावे, तर पुस्तक कपाटात असूनही सूचीत सापडत नाही. आणि अदृश्य चिन्हे म्हणजे केरकचरा अशा समजुतीने एखाद्या आज्ञावलीने ते जोडचिन्ह झाडून टाकले, तर स्वयंपाकी बिचारा विनासायास गुरुपदी चढतो! दूरदेशीच्या प्रोग्रामरला हा घोटाळा सुचणे दुरापास्त. ग्रंथपालाला मात्र तो रोज छळतो. चार ओळींची दुरुस्ती यंत्र करील, पण ती लागू पडली की नाही हे ठरविणाऱ्या शब्दांच्या जोड्या ग्रंथपालानेच द्यायला हव्यात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारपेठेत नांदणाऱ्या सोलापुरात असे परीक्षक चारही भाषांत मिळतील. इतकी सोय मोठमोठ्या कंपन्यांनाही पदरचे पैसे मोजल्यावाचून होत नाही.

या सुलभतेचे संकट भलतीकडेच उद्भवले आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांकडे येणाऱ्या दुरुस्त्यांचे तपासनीस संख्येने थोडे आणि पुष्कळदा बिनपगारी असतात. यंत्राला दुरुस्तीचा अर्ज लिहायला घटका लागत नाही, पण तो तपासण्यात माणसाची अख्खी संध्याकाळ खर्ची पडते. इंटरनेटवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘कर्ल’ या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग अशा यंत्रलिखित, खोट्या तक्रारींनी इतके जेरीस आले, की सुरक्षादोष दाखविणाऱ्यास रोख बक्षीस देण्याची योजनाच २०२६ च्या आरंभी बंद झाली. लिनक्सच्या दोन वितरणांपैकी ‘जेन्टू’ने २०२४ मध्ये यंत्रनिर्मित योगदानास सरसकट मनाई केली, तर ‘फेडोरा’ने २०२५ मध्ये परवानगी दिली, मात्र यंत्राची मदत उघड सांगावी आणि जबाबदारी माणसाने पत्करावी, या अटींवर. मला दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. पहिल्याचा उद्वेग समजू शकतो, पण त्याने लबाडाबरोबर ग्रंथपालही दाराबाहेर राहतो.

म्हणून ग्रंथपालाने प्रथम आपल्या सूची-प्रणालीच्या प्रकल्पाचे नियम वाचावेत आणि आज्ञावलीच्या ओळी धाडण्याआधी दोषाची हकीकत दाखल करावी: काय टंकले, काय अपेक्षित होते, काय दिसले. ओळी जोडल्याच, तर त्या यंत्राने लिहिल्या आहेत आणि आपणांस त्यांतले अमुक कळत नाही, हेही नमूद करावे. हकीकत मात्र स्वतःच्या शब्दांत हवी. इंग्रजी कच्चे असेल तर यंत्राकडून भाषांतर करून घेण्यास हरकत नाही. पण मूळ मराठी मजकूर खाली तसाच ठेवावा, म्हणजे भाषांतरात ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांची सरमिसळ झालीच, तर ती एखाद्या मराठी वाचणाऱ्याला पकडता येईल.