कडू मातीची गोष्ट

मक्याचं हे ताट वाऱ्यानं पडलं असं वाटतंय ना तुम्हाला? जरा बुंध्याशी बघा. भिंतीला गिलावा करावा तसा मातीचा पोपडा चढलाय. नखानं हळूच खरवडा. आत पांढुरक्या, मऊ अंगाच्या पळापळ करताहेत त्या कामकरी वाळव्या. तपकिरी डोक्याची, जबडा वासून उभी आहे ती शिपाई. आता ताट मोडा. गाभा आहे का? नाही. त्या जागी माती ठासून भरलीय. वाळवी आतून खात जाते आणि रिकामी जागा मातीनं भरते. मुळं तर आधीच कुरतडलेली. मग साधी झुळूकही ताट लोळवायला पुरते, आणि जमिनीला टेकलेल्या कणसाला बुरशी धरते.

"आजोबा, म्हणजे ह्या पांढऱ्या मुंग्याच ना?"

मुंग्या नव्हेत, बाळा. वाळवी झुरळाच्या कुळातली. मुंगी तर तिची हाडवैरीण. तिकडं आफ्रिकेत युगांडामध्ये मक्याच्या शेतात माशांचं आमिष टाकून मुंग्यांना मुद्दाम बोलावून बघितलं. मुंग्या आल्या, राहिल्या आणि वाळवीवर तुटून पडल्या.

पण वाळवीला नुसती चोर म्हणू नका. ती शेतकरी आहे, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जुनी. माणूस शेती करायला लागला त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली असतील. वारूळ बांधणारी ही वाळवी सुमारे 3 कोटी वर्षांपासून बुरशीची शेती करतेय. ताटाचा, धसकटाचा चुरा ती पोटातून वारुळात नेते, विष्ठेचा वाफा करते आणि त्यावर बुरशी वाढवते. लाकडातलं जे तिला पचत नाही ते बुरशी फोडते, मग दोघींचं पोट भरतं. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळावर उगवलेली अळंबी लोक मिटक्या मारत खातात ना, ती याच मळ्यातली! तुमचा मका तिच्या मळ्याचं खत आहे, एवढंच.

मकाच का? मका मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोकडचा. ज्वारी आफ्रिकेतली, वाळवीच्या शेजारात वाढलेली. आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे की ज्वारी-बाजरीपेक्षा मक्याला वाळवी जास्त लागते. त्यात पावसानं उघडीप दिली, पिकाला पाण्याचा ताण बसला, की विचारूच नका. न कुजलेलं शेणखत टाकलंत तर तिला आवतणच.

आता हा बांधावरचा कडुनिंब बघा. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली. हाइनरिश श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं, की टोळांनी सगळी हिरवळ फस्त केली, कडुनिंब तेवढा हिरवागार राहिला. पुढं तीनच वर्षांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या बियांतल्या गराचं पाणी पिकावर फवारलं. टोळ पिकावर बसले, पण खाईनात. त्यामागचं मुख्य द्रव्य 1968 मध्ये हाती लागलं. ते अझाडिराक्टिन. ते प्रयोगशाळेत पहिल्यापासून घडवायला केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना 22 वर्षं लागली. 2007 साली जमलं एकदाचं. आपला कडुनिंब दर उन्हाळ्यात ते फुकट करून ठेवतो आणि आपण त्या निंबोळ्या पायाखाली तुडवतो.

"मग वाळवी ते खाऊन मरते?"

तिथंच गंमत आहे. हे विष धडाक्यात मारणारं नाही. पहिल्यांदा ते खाण्याची वासनाच घालवतं. तरी थोडं पोटात गेलंच, तर कात टाकण्याच्या वेळी घोटाळा होतो. किड्यांच्या अंगात कात टाकायची वेळ ठरवणारं एक संप्रेरक असतं, त्याच्या कामात हे द्रव्य बिब्बा घालतं. जुनी कात नीट सुटत नाही, किडा तिथंच अडकतो. शिवाय वाळव्या एकमेकींना तोंडातून घास भरवतात, अंग चाटतात. त्यामुळं कडू घास एकीपाशी थांबत नाही.

उन्हात मात्र हे द्रव्य पानावर लवकर निकामी होतं. मातीत ऊन पोचत नाही, म्हणून वाळवीसाठी त्याची खरी जागा मुळाशी. पेरणीच्या वेळी सरीत निंबोळी पेंड टाकावी. उभ्या पिकात 5 टक्के अर्क बुंध्याशी ओतावा, तोही सांजवेळी. 5 किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटायच्या, 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फडक्यानं गाळून त्यात पाणी घालून 100 लिटर करायचं आणि थोडा साबणाचा चुरा घालायचा. अर्क ताजाच वापरायचा.

काही जण निंबोळीला चमत्कार म्हणतात. मी म्हणत नाही. राणी जमिनीत खोल बसून हजारोंनी अंडी घालते, तिथवर तुमची बादली पोचत नाही. वाळवी कडू मातीला वळसा घालून पुढं जाते. जाऊ द्या. शेतातली धसकटं आणि पाचोळा कुजवून मातीत मिसळायचं काम तीच करते. आपल्याला ताट वाचवायचंय, तिचा वंश बुडवायचा नाही.

आणि झाडपाल्याचं औषध म्हणजे निर्धोक, हेही डोक्यातून काढा. तंबाखूतलं निकोटिन झाडाचंच, पण माणसालाही घातक. तंबाखूचा काढा उघड्या हातांनी ढवळणारे बघितले की मला राग येतो.

तर पोरांनो, मृगाच्या आसपास निंबोळ्या पिकून पडतील. गर काढून बिया धुवा, सावलीत खडखडीत वाळवा आणि गोणपाटाच्या पोत्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको, दमट राहून बुरशी धरते.