मुदतीची गोष्ट (लेखांक ११) : सातबाऱ्यावरचं अ.पा.क.

प्रतिकूल ताब्याचं बारा वर्षांचं गणित आज पुरं करायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. सोमवारच्या टपालात एक पत्र आलं आणि ते वाचल्यावर जमिनीचं काही सुचेना.

रेघी कागदाची चार पानं. लिहिणाऱ्या बाई आज ३७ वर्षांच्या आहेत. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही एवढंच सांगतो. साल त्या कुठेच लिहीत नाहीत. ‘पाचवीची परीक्षा झाली त्या सुट्टीत’, ‘सहावीची शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री’, असं लिहितात. मी हिशेब केला तेव्हा १९९८ निघालं. माणूस नात्यातला. आईला सांगायला नववी उजाडली आणि आईनं ‘वाच्यता करू नकोस’ म्हणून विषय मिटवला. शेवटच्या पानावर प्रश्न आहे : कितीही वर्षांनी तक्रार करता येते असं पेपरात वाचलं, मग पोलीस ठाण्यात ‘मुदत गेली’ असं का सांगितलं?

बाईंनी वाचलं ते खरं आहे, पण अर्धंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की पोक्सो कायद्याखाली तक्रार नोंदवायला कालमर्यादा नाही. कॅनडात राहणाऱ्या एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ महिलेनं चेन्नईत, सुमारे ४० वर्षांपूर्वीच्या अत्याचाराची तक्रार देण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला. तिनं मग पाठपुरावा केला, तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी कायदा मंत्रालयाला विचारलं आणि हे उत्तर आलं. तिच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार. पण पोक्सो लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला. घटनेचं कलम २०(१) सांगतं की कृत्य घडलं तेव्हा जो कायदा होता त्याच कायद्यानं शिक्षा होईल. १९९८ च्या उन्हाळ्याला पोक्सो लागत नाही, जुना भारतीय दंड संहितेचा कायदा लागतो.

आता मुदत कशी ठरते ते पाहा, कारण सगळी गोम तिथे आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मुदतीचं प्रकरणच नव्हतं. ते १९७३ च्या संहितेनं आणलं. हेतू चांगला होता : साक्षीदार मरतात, आठवणी पुसट होतात, किरकोळ गुन्ह्यासाठी कुणावर जन्मभर टांगती तलवार नको. कलम ४६८ नं शिक्षेच्या मापानं मुदत बांधली. नुसता दंड असेल तर ६ महिने, १ वर्षापर्यंत कैद असेल तर १ वर्ष, ३ वर्षांपर्यंत कैद असेल तर ३ वर्षं. त्यापुढच्या गुन्ह्यांना मुदत नाही. म्हणून बलात्काराला मुदत कधीच नव्हती, १९९८ मध्येही नव्हती. पण कलम ३५४, म्हणजे विनयभंग, याला २०१३ च्या दुरुस्तीपर्यंत जास्तीत जास्त २ वर्षांची शिक्षा होती. म्हणजे मुदत ३ वर्षं. दहा वर्षांच्या मुलीची ती मुदत तेराव्या वर्षी संपली, आईला सांगायच्याही आधी. मुलगा असता तर ३५४ लागलंच नसतं. कलम ३७७ मध्ये बसणारं कृत्य नसेल, तर बहुधा ३२३ ची साधी दुखापत. त्याची मुदत एकच वर्ष.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. पोक्सोचं कलम १२ आजही ३ वर्षांपर्यंतच शिक्षा देतं. मुलाला अश्लील चित्रं दाखवणं, हावभाव करणं, पाठलाग करणं यात येतं. तक्रार नोंदवायला मुदत नाही हे मान्य, पण कोर्टानं दखल घेण्याची ३ वर्षांची मुदत इथे लागू होते, असं मी कायदा वाचतो.

इथे मला सातबारा आठवतो. खातेदाराच्या नावाच्या पुढे ‘अ.पा.क.’ ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील : अज्ञान पालनकर्ता. चार वर्षांच्या पोराचं नाव, त्यापुढे ही तीन अक्षरं, मग आईचं नाव. ही अक्षरं आहेत तोवर कायदा त्या पोराच्या वतीनं सावध असतो. पालकानं कोर्टाची परवानगी न घेता त्याची जमीन विकली, तर सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांत तो ती विक्री रद्द करून मागू शकतो. दिवाणी दाव्यांसाठी १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचं सहावं कलम हेच म्हणतं. अज्ञानपण संपेपर्यंत काटा थांबतो. वीस गुंठ्यांसाठी थांबतो. त्याच पोराच्या अंगाला कुणी हात लावला, तर फौजदारी काटा त्याच दिवशी सुरू होतो.

फौजदारी काटा थांबतच नाही असंही नाही. जुन्या संहितेचं कलम ४७० काढा. आरोपी देशाबाहेर असेल तो काळ वगळायचा. आरोपी फरार असेल, लपून बसला असेल, तो काळ वगळायचा. गुन्हा करणाऱ्याच्या गैरहजेरीचा हिशेब कायद्यानं नीट ठेवला आहे. जिच्यावर गुन्हा झाला ती दहा वर्षांची आहे, हे त्या कलमात कुठेच नाही. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही कलमं ५१३ ते ५१९ झाली. ४६८ च्या जागी आलेल्या ५१४ ला एक स्पष्टीकरणही जोडलं : मुदत मोजताना तक्रार दिल्याचा दिवस धरायचा, कोर्टानं दखल घेतल्याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात जे सांगितलं तेच. ठीक केलं. म्हणजे हे प्रकरण उघडलं गेलं होतं, लेखणी हातात होती, आणि त्या वेळी ‘पीडित व्यक्ती अज्ञान असेल तो काळ वगळावा’ एवढं एक वाक्य घालता आलं असतं.

जर्मनीनं हेच टप्प्याटप्प्यानं केलं. १९९४ मध्ये काटा पीडितेच्या १८ व्या वर्षापर्यंत थांबवला, २०१३ मध्ये २१ पर्यंत, २०१५ मध्ये ३० पर्यंत. माणूस बोलायला किती वर्षं घेतो हे त्यांनाही हळूहळूच कळलं. मात्र एक धोक्याची खूण कॅलिफोर्नियात आहे. तिथे संपून गेलेली मुदतही पुन्हा जिवंत करणारा कायदा झाला होता. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी तो मोडला. चालू मुदत लांबवता येते, मेलेली उठवता येत नाही. म्हणूनच दुरुस्ती पुढे ढकलली की दर वर्षी काही मुलांची मुदत कायमची जाते, आणि मला याचा त्रास होतो.

मग या बाईंचं काय? पहिली गोष्ट, त्या ठाण्यात जे सांगितलं गेलं ते चूक. मुदत कोर्टाला दखल घेताना आडवी येते. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेताना नाही. दुसरी, पत्रात जे लिहिलं आहे त्यातला काही भाग विनयभंगापुरता राहत नाही असं मला वाटतं, आणि तसं असेल तर मुदतीचा बाध येतच नाही. कोणतं कलम लागतं हे आधी वकिलाबरोबर बसून ठरवा. तिसरी, ते विनयभंगच ठरलं तरी कलम ५१९, म्हणजे जुनं ४७३, शिल्लक आहे : विलंबाचं समाधानकारक कारण असेल, किंवा न्यायाच्या हितासाठी गरज असेल, तर कोर्ट मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं. नववीपर्यंत गप्प का, आणि नंतर कुणी गप्प केलं, हे त्या अर्जात त्यांच्याच शब्दांत यायला हवं. इयत्तेवरून सांगितलं तरी चालेल. शाळेच्या दाखल्यावरून वर्ष काढता येतं.

बालपणीच्या गुन्ह्यात विलंब माफ झाल्याचा आदेश कुणा वकील मित्राच्या फायलीत असेल तर त्याची प्रत पाठवा. नावं झाकून पाठवा. बाईंच्या वकिलांना ती उपयोगी पडेल. बारा वर्षांचा ताबा पुढच्या आठवड्यात.