आजोबांच्या डब्यातला बंदा रुपया

दोस्तांनो, तुमच्या घरात एखादा जुना पत्र्याचा डबा नाहीतर बटवा नक्की असेल. त्यात काय काय सापडतं! लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचा राणीछाप रुपया, मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा, नक्षीदार काठाचा आणा आणि ओळखूच येत नाही अशी दोन-चार झिजलेली नाणी. आजोबा-आजीनंतर हा ठेवा पुढच्या माणसांच्या हाती येतो आणि घरात एकच प्रश्न सुरू होतो, "काय हो, याचे किती येतील?" कुणी म्हणतं, "लाखभर सहज!" कुणी म्हणतं, "छे, द्या मोडीत."

दोन्ही उत्तरं चूक असू शकतात बरं का! खरं उत्तर त्या नाण्यावरच लिहिलेलं असतं. ते वाचायचं कसं, ते आज पाहू या.

आधी हात आवरा!

नाणी दिसली की आपल्याला पहिली बुद्धी कोणती होते? चिंच लावून, पितांबरीने घासून लखलखीत करायची! नेमकं हेच करायचं नाही. नाण्यावरचा काळपट थर म्हणजे घाण नव्हे. तो वर्षानुवर्षं हळूहळू चढलेला असतो आणि संग्राहकांना तो तसाच हवा असतो. घासलं की बारीक चरे पडतात, राजाच्या केसांची नक्षी पुसट होते आणि नाण्याची किंमत एकदम खाली येते. गेलेला थर परत आणता येत नाही. म्हणून नाणं कडेला दोन बोटांत धरायचं, प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचं आणि पाकिटावर पेन्सिलीने नंबर टाकायचा.

नाणं वाचायला शिका

आता एक भिंग आणि वही घ्या. वर्ष कोणतं? कुणाचं चित्र आहे? मोल किती लिहिलंय? पूर्वीचा हिशेब आधी लक्षात ठेवा : १ रुपया म्हणजे १६ आणे, म्हणजेच ६४ पैसे, म्हणजेच १९२ पै. 'सोळा आणे खरं' असं आपण म्हणतो ना, ते यावरूनच! १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० 'नये पैसे' झाले आणि १९६४ मध्ये त्यातला 'नये' शब्द गेला. त्यामुळे 'नये पैसे' लिहिलेलं नाणं दिसलं की त्याचा काळ तुम्ही झटकन सांगाल.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून मधला तुकडाच काढून टाकला!

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर वर्षाखालीही नजर टाका. तिथे टांकसाळीची खूण असते. छोटा चौकट आकार म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

चांदी किती?

ब्रिटिश काळातल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदीचं प्रमाण ९१.७ टक्के होतं, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून ते ५० टक्क्यांवर आलं, म्हणजे ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ चा रुपया? त्यात चांदी मुळीच नाही, तो निकेलचा! घरच्या घरी ओळखायचंय? लोहचुंबक हळूच जवळ न्या. निकेलचं नाणं चिकटतं, चांदीचं चिकटत नाही.

आता गणित करा. समजा, चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे. मग १९१८ च्या रुपयात साधारण १,०७० रुपयांची चांदी झाली आणि १९४४ च्या रुपयात ५८३ रुपयांची. तुम्ही वर्तमानपत्रातला आजचा भाव घ्या. ही झाली धातूची किंमत. चांदीचं नाणं यापेक्षा फार स्वस्तात मागणाऱ्याला सरळ 'नको' म्हणायचं.

जुनं म्हणजे दुर्मिळ?

इथेच बहुतेकांची गफलत होते. नाण्याची किंमत वयावर ठरत नाही. तशी किती नाणी उरली आहेत, ती किती जणांना हवी आहेत आणि तुमचं नाणं कोणत्या स्थितीत आहे, या तीन गोष्टींवर ती ठरते.

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया घ्या. केवढा जुना! पण हेच साल घातलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. त्यामुळे ते भरपूर आहेत. उलट सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया त्या मानाने सहज मिळतो, आणि त्याच्या पुढच्याच वर्षाचा, १९३९ चा, फार दुर्मिळ! एका आकड्याने केवढा फरक! म्हणूनच काही लबाड १९३८ च्या रुपयावरचा आठ खरवडून त्याचा नऊ करतात. अशा वेळी आकड्यावर भिंग धरायलाच हवं.

१९११ च्या रुपयाची गंमत तर ऐकाच. त्यावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्तीचं चित्र होतं. पण सोंड इतकी आखूड, की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसला! ओरड झाली, बरीचशी नाणी वितळवली गेली आणि १९१२ मध्ये हत्ती दुरुस्त झाला. म्हणून १९११ च्या रुपयाला संग्राहक जास्त विचारतात.

आणि शिवराई? एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असलेलं हे तांब्याचं नाणं. तांब्याच्या भावाने त्याचे काही रुपयेच होतील. पण शिवराईचे कितीतरी प्रकार आहेत, त्यातले काही फार थोडे सापडतात आणि अभ्यासक ते शोधत असतात. म्हणून शिवराई कधीही मोडीत घालू नका.

स्थितीचंही तसंच. गळ्यात घालायला कडी डाखलेला रुपया आजीला कितीही प्रिय असो, संग्राहक त्याचे कमीच पैसे देतो.

सावधान! खोटी नाणी, खोटी आमिषं

एका बाजूला राम-सीता-हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव व १८१८ साल, असं 'नाणं' पुष्कळ घरांत सापडतं. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नव्हतं. ते नंतर कुणीतरी बनवलेलं टोकन आहे. तांदूळ ओढणारं, करोडो रुपयांचं चमत्कारी नाणं म्हणून जे सांगतात, ती तर निव्वळ ठकबाजी!

"वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" अशा जाहिराती मोबाईलवर फिरतात. ही नाणी २०१२ मध्ये निघाली, तीही भरपूर. जाहिरातवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "आधी नोंदणीचे पैसे भरा." पैसे भरले की तो गायब! रिझर्व्ह बँकेचं नावही असे लोक वापरतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं, की ती जुन्या नाण्या-नोटांची अशी खरेदी-विक्री करत नाही आणि त्यासाठी कमिशनही मागत नाही. नियम सोपा आहे : खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही.

विकायचंच असेल तर

पहिली गोष्ट म्हणजे नाणी घरातल्या सगळ्यांची आहेत. आई-बाबांना, काका-आत्यांना विचारल्याशिवाय एकही नाणं बाहेर काढायचं नाही, आणि विकायला मोठ्या माणसाबरोबरच जायचं. सोनार बहुधा फक्त चांदीचे पैसे देतो. म्हणून नाण्यांच्या प्रदर्शनात किंवा नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे जा आणि निदान तिघांना दाखवा. कॅटलॉगमध्ये छापलेली किंमत हातात पडत नाही, कारण व्यापाऱ्याला त्यात आपला नफाही काढायचा असतो. पण तिघांचे भाव आणि तुमचं वहीतलं गणित शेजारी ठेवलंत, की फसवणूक चटकन दिसते. पावती घ्यायला विसरू नका.

कायदाही ठाऊक हवा. शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्याला परदेशी विकता किंवा पाठवता येत नाहीत, १९७२ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. आणि शेतात, पाया खणताना गुप्तधन सापडलं तर ते आजोबांच्या डब्यासारखं आपलं नसतं. १८७८ च्या कायद्यानुसार ते कलेक्टरांना कळवावं लागतं.

आता शेवटचं. वहीत प्रत्येक नंबरापुढे वर्ष, धातू आणि वजन लिहून झालं, की एक रकाना मोकळा ठेवा. आजीजवळ बसा आणि विचारा, "आजी, हा रुपया कुणी दिला गं तुला?" तो कदाचित तिच्या लग्नात ओटीत पडलेला असेल, कदाचित पणजोबांच्या पहिल्या पगारातला असेल. हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये छापलेलं नाही आणि ते सांगणारं माणूस नेहमीच आपल्याजवळ असणार नाही. तो रकाना भरला, की कोणती नाणी विकायची आणि कोणती ठेवायची, हे सगळे मिळून ठरवा. मग काय, येत्या रविवारी काढताय ना डबा?