घाईनें केलेला कायदा आणि शेतकरी

कायदा हा वकिलांचा विषय, आपला नव्हे, असें आपले पुष्कळ शेतकरी बंधु समजतात. परंतु कायदा कोणत्या रीतीनें मंजूर होतो हें जाणणें शेतकऱ्याच्या फार हिताचें आहे. याकरितां सन २०२० मधील कृषि कायद्यांची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देतों.

संसदेंत आलेलें विधेयक समितीकडे सोंपवितां येतें. समिति जाणत्यांच्या साक्षी घेते व एकेक कलम तपासते. २०११ सालीं मांडलेलें भूसंपादनाचें विधेयक असेंच स्थायी समितीकडे जाऊन २०१३ सालीं मंजूर झालें.

कृषि विधेयकांच्या बाबतींत ही पायरी गाळली गेली. ५ जून २०२० रोजीं तीन वटहुकूम निघाले. त्यांच्या जागीं आणलेलीं विधेयकें सप्टेंबरांत लोकसभेनें मंजूर केलीं. २० सप्टेंबर रोजीं राज्यसभेंत त्यांपैकीं दोन विधेयकें प्रवर समितीकडे पाठविण्याची सूचना आवाजी मतानें फेटाळली गेली. विरोधकांनीं मतविभागणी मागितली; सभागृहांत सुव्यवस्था नाहीं या कारणास्तव ती झाली नाहीं, व त्याच गोंगाटांत दोन्ही विधेयकें मंजूर झालीं.

समितीनें काय तपासलें असतें? व्यापारविषयक कायद्यान्वयें बाजार आवाराबाहेर पॅन क्रमांक असलेल्या व्यापाऱ्यास माल घेण्याची मुभा होती. पैसे त्याच दिवशीं, अगर फार तर कामाच्या तीन दिवसांत द्यावयाचे. ते थकल्यास दाद प्रांताधिकाऱ्याकडे मागावयाची. दिवाणी कोर्टाची वाट बंद. खरेदीदार दूर प्रांतीचा असला तर वसुली कशी व्हावी, हा प्रश्न समितीपुढें खचित निघाला असता.

हे कायदे सर्वांनाच नकोसे होते असें नव्हे. महाराष्ट्रांतील शेतकरी संघटनेचा त्यांस पाठिंबा होता. पंजाब-हरियाणांतील संघटनांचा कडवा विरोध होता. दोघांचेंहि म्हणणें समितीच्या खोलींत ऐकतां आलें असतें. तें न झाल्यामुळें शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर थंडीवाऱ्यांत बसले. १२ जानेवारी २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अंमलबजावणी स्थगित केली. आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं हे कायदे रद्द करणारें विधेयकहि एकाच दिवसांत दोन्ही सभागृहांनीं चर्चेवांचून मंजूर केलें. ज्यांस बाजाराची मोकळीक हवी होती त्यांस ती मिळाली नाहीं, व ज्यांस शंका होत्या त्यांचें समाधान झालें नाहीं.

संसदीय समित्या पुष्कळदां जाहिरात देऊन लोकांचीं लेखी मतें मागवितात. शेतीविषयक विधेयक निघतांच तें समितीकडे जाणार कीं नाहीं, हें प्रत्येक गांवानें आपल्या खासदारास विचारावें. आणि जात असल्यास आपलें म्हणणें मुदतींत लिहून धाडावें, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती आहे.