आम्रखंडात कात्री नेमकी कशाला?

पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघराच्या खुंटीला पांढऱ्या पंचात बांधलेलं दही लोंबत असतं. खाली पातेलं. त्यात टप... टप... असं हिरवट-पिवळं पाणी पडत राहतं. यंदा त्या गाठोड्यावरून घरात वाद झाला. जाऊबाईंनी वजन कमी करायचं मनावर घेतलंय, त्यामुळे त्या म्हणाल्या, ‘‘या वेळी टोन्ड दुधाचं दही लाव गं. मलईचं नको.’’ सासूबाईंनी नुसतं वर पाहिलं. टोन्ड दुधाचा चक्का हा त्यांच्या मते चक्काच नव्हे.

मी वजनकाटा काढला. आम्रखंडासारख्या दाट, मलईदार पदार्थात दोषी कोण, हे एकदाचं ठरवून टाकायचं होतं.

मलईवर संशय येतो त्याला कारण आहे. एक ग्रॅम स्निग्धांशात 9 कॅलरी असतात, एक ग्रॅम साखरेत 4. तेवढंच ऐकलं की कोणीही मलईलाच धरेल. पण वाटीत कशाचे किती ग्रॅम पडतात, ते बघावं लागतं. श्रीखंडाचं घराघरांतलं जुनं माप ‘चक्क्याइतकी साखर’ असं आहे. म्हणजे सपाट भरलेल्या 100 ग्रॅमच्या वाटीत 50 ग्रॅम चक्का आणि 50 ग्रॅम साखर. चांगल्या म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाचा चक्का असला, तरी त्या 50 ग्रॅमांत स्निग्धांश साधारण साडेआठ ग्रॅम. त्याच्या झाल्या पाऊणशे कॅलरी. साखरेच्या मात्र 200. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या सल्ल्यानुसार 2000 कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमांच्या आत असावी. ती मर्यादा एका वाटीतच संपली. सकाळचा चहा वेगळाच.

विकतच्या डब्यातही फार वेगळं नसतं. श्रीखंडाच्या सरकारी मानकात पाणी वगळून उरणाऱ्या भागात साखर साडेबहात्तर टक्क्यांपर्यंत चालते. दुधाचा पदार्थ म्हणून आपण आणतो ते खरं तर दुधात मुरवलेली साखर असते, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता भांड्याचा हिशेब. दीड लिटर फुल क्रीम दुधाचा अर्धा किलो चक्का होतो, त्याच्या सुमारे 1000 कॅलरी. त्यात अर्धा किलो साखर, म्हणजे आणखी 2000. जाऊबाईंचं ऐकून टोन्ड दुधाचा चक्का घेतला, तर वाचतात साधारण 300. शिवाय तेवढाच चक्का मिळवायला दूध जास्त लागतं आणि तो जिभेला खरखरीत लागतो. साखर अर्ध्या किलोवरून अर्धपाव, म्हणजे 125 ग्रॅमवर आणली, तर वाचतात 1500. सासूबाईंच्या बाजूने लागलेला हा निकाल त्यांना सांगायची घाई मी केली नाही.

एवढी साखर जुन्या लोकांनी काय उगीच घातली? दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. उन्हाळ्यात विरजण रात्रभर बाहेर राहिलं, पुन्हा रात्रभर टांगलं, की चक्का चांगलाच आंबट होतो. तो आंबटपणा झाकायला साखर. आणि फ्रीज नव्हते तेव्हा टिकवायलाही साखरच, कारण ती पाणी धरून ठेवते आणि जंतूंना वाढायला पाणी उरत नाही. आता विरजण लागलं रे लागलं की दही फ्रीजमध्ये ठेवता येतं, चाळणीत पंचा पसरून तिथेच निथळवताही येतं. चक्का गोडसर राहिला की निम्मं काम झालं.

उरलेलं काम आंब्याचं. आम्रखंड हे श्रीखंडाचं शहाणं भावंड आहे, कारण त्यात गोडवा आयता येतो. पिकलेल्या हापूसच्या 100 ग्रॅम गरात साधारण 60 कॅलरी. अर्धा किलो चक्क्याला पाव किलो गर घातला तर भर पडते फक्त दीडशेची. अडचण पाण्याची. गर तसाच घातला तर आम्रखंड पातळ होतं आणि आमरस-दही खाल्ल्यासारखं वाटतं. म्हणून चक्का नेहमीपेक्षा चार-पाच तास जास्त निथळवा, अगदी पंचाला चिकटू लागेपर्यंत. किंवा गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा; त्याने पाणी उडतं, कॅलरी उडत नाहीत. डब्यातला रस वापरणार असाल तर आधी लेबल वाचा, बहुतेकांत साखर घातलेलीच असते. आणि मधुमेह असेल तर आंब्याची साखरही साखरच, तिथे माझा काटा चालणार नाही, डॉक्टरांचा चालेल.

मलई ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. आंब्याचा पिवळा रंग ज्या बीटा कॅरोटिनमुळे येतो, ते स्निग्धांशात विरघळतं आणि त्याच्या सोबतीनेच शरीराला नीट मिळतं.

पुरणयंत्र मी फिरवलं. चक्का, 125 ग्रॅम साखर, पाव किलो गार गर. छिद्रांतून केशरी लडी खाली पडताना बघायला मिळतात, म्हणून हे काम मी कोणाला देत नाही. वर वेलदोडा घातला; जायफळ घातलं नाही, ते हापूसच्या वासावर कुरघोडी करतं. पातेल्यातलं चक्क्याचं पाणी कणकेत गेलं. पुऱ्या कमी तळल्या म्हणावं तर तेही नाही. प्रत्येक पुरी थोडं तेल पितेच आणि चहाच्या चमचाभर तेलाच्या 40 कॅलरी होतात, हे मी फक्त मनात मोजलं.

सगळं मिळून 100 ग्रॅमला 190च्या आत बसलं, जुन्या मापात 300 होत्या. सासूबाईंनी बोटाने चाखलं, ‘‘गोडाला जरा कमीच’’ म्हणाल्या आणि पुन्हा चाखलं. जाऊबाईंना आकडा सांगितला. त्यांनी समाधानाने एक वाटी संपवली आणि रिकामी वाटी पुढे केली.

‘‘कमी साखरेचं आहे ना? मग वाढ की अजून एक!’’

दोन वाट्यांच्या 380.