यंत्रभागाची खरी ओळख
छोट्या लॅपटॉपमधील जाळ्याची साधने कशी ओळखावीत

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात गिंडी आहे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभ १७९४ साली एका मोजणी-शाळेच्या रूपाने झाला. जमीन मोजून तिचा नकाशा तयार करणारी माणसे शिकवून काढावीत, हा त्या शाळेचा हेतू. पुढे १९७८ साली हे महाविद्यालय अण्णा विद्यापीठात समाविष्ट झाले. विद्यापीठाचे मुख्य आवार गिंडीसच आहे. २००५ साली केंद्र शासनाने मुक्तस्रोत प्रणालींसाठी एक राष्ट्रीय साधन केंद्र सुरू केले. त्या कार्यात या विद्यापीठाचे एयू-केबीसी संशोधन केंद्र आणि सी-डॅक संस्थेची चेन्नई शाखा या दोहोंचा सहभाग होता. त्यातूनच जानेवारी २००७ मध्ये ‘बॉस’ ही संगणकाची संचालन प्रणाली प्रसिद्ध झाली. डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या पायावर ती उभारलेली असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते.

मुक्तस्रोत प्रणाली म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते, तपासता येते व सुधारून पुन्हा वाटता येते अशी प्रणाली. १५ सप्टेंबर २०११ रोजी तमिळनाडू शासनाने विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली, तेव्हा त्या यंत्रांत विंडोजच्या जोडीला बॉसही घालून देण्यात आली होती. अशी यंत्रे जुनी झाली, की त्यांवर एखादी नवी मुक्तस्रोत प्रणाली बसविण्याचा प्रसंग येतो. प्रणाली बसते, पडदा उजळतो, कळफलक चालतो. परंतु यंत्र जाळ्याशी जोडले जात नाही. ज्या घरात दुसरे यंत्र नाही, तेथे असा लॅपटॉप ‘बिघडला’ म्हणून कपाटात जाऊन पडतो. वास्तविक पुष्कळदा त्यात बिघाड असा काही नसतोच. आतील कोणता भाग कोणाचा आहे, एवढेच ठाऊक नसते.

झाकणावरचे नाव

लॅपटॉपच्या झाकणावर ज्या कारखान्याचे नाव असते, त्यानेच आतील सर्व भाग घडविलेले असतात असे नाही. बिनतारी संपर्काची चिप एकाची, तारेच्या जोडणीची दुसऱ्याची, प्रक्रियक तिसऱ्याचा, असा हा संसार असतो. एकाच नमुन्याच्या दोन लॅपटॉपांत निरनिराळ्या चिपा निघाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून झाकणावरचे नाव पाहून आतील भागाविषयी तर्क करणे व्यर्थ होय. प्रश्न त्या भागालाच विचारावा लागतो.

प्रश्न आणि उत्तर

संगणकाच्या अंतर्भागात निरनिराळे भाग ज्या सामाईक मार्गाने जोडलेले असतात, त्यास ‘पीसीआय’ मार्ग म्हणतात. त्याची पहिली मानके १९९२ साली प्रसिद्ध झाली. या मार्गावरील प्रत्येक साधनाने आपली माहिती ठरावीक जागी, ठरावीक क्रमाने ठेवलीच पाहिजे, असा त्या मानकांचा दंडक आहे. त्या माहितीच्या आरंभीच दोन क्रमांक असतात. पहिला निर्मात्याचा, दुसरा साधनाचा. प्रत्येक क्रमांक सोळा बिटांचा. सोळा बिटांत ६५,५३६ निरनिराळ्या संख्या मावतात.

संगणक सुरू होताना प्रणाली मार्गावरील एकेका जागी जाऊन हे क्रमांक वाचते. जागा रिकामी असेल, तर उत्तरादाखल सोळाही बिटे ‘एक’ अशी येतात, आणि त्यावरून तेथे कोणी नाही हे कळते. साधन असेल, तर त्याचा वर्गही कळतो. तारेच्या जाळ्याचे साधन सामान्यतः ०२०० या वर्गाचे असते, तर बिनतारी साधनाचा वर्ग बहुधा ०२८० असतो. इंटेल या कारखान्याचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली निघालेल्या त्याच्या प्रसिद्ध प्रक्रियकाचे नावही तेच. हे क्रमांक षोडशमान पद्धतीने लिहितात. तीत शून्य ते नऊ या अंकांपुढे ए पासून एफ पर्यंतची सहा रोमन अक्षरेही अंकांचे काम करतात.

लिनक्समध्ये हे संभाषण पाहण्यासाठी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढे आडवी रेघ देऊन ‘एनएन’ लिहिले, तर नावांबरोबर क्रमांक दिसतात. ‘के’ लिहिले, तर कोणता चालक ते साधन चालवीत आहे हेही कळते. क्रमांकांवरून नावे सांगणारी यादी त्या यंत्राच्या तबकडीवरच साठविलेली असते. त्यामुळे जाळे बंद असतानाही ही चौकशी करता येते, ही मोठीच सोय. या यादीचा आरंभ चेक संगणकतज्ज्ञ मार्टिन मारेश यांनी केला, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी तीत भर घातली आहे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीत ‘पीसीआयकॉन्फ’ ही आज्ञा तेच काम करते.

या यादीत बिनतारी साधन दिसले नाही, तर लगेच निराश होऊ नये. काही छोट्या लॅपटॉपांत ते आतल्या आत यूएसबी मार्गाला जोडलेले असते. त्याकरिता ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा आहे. अगदी स्वस्त यंत्रांत ते एसडीआयओ नावाच्या तिसऱ्याच मार्गावर असते, व वरील दोन्ही याद्यांत आढळत नाही. अशा वेळी यंत्र सुरू होताना प्रणालीने केलेली नोंदवही ‘डीमेसेज’ या आज्ञेने वाचावी.

क्रमांकापासून चालकापर्यंत

साधन ओळखले, तरी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारी आज्ञावली हवी. तिला ‘ड्रायव्हर’ म्हणजे चालक म्हणतात. प्रत्येक चालकापाशी, आपण कोणकोणते क्रमांक ओळखतो, यांची यादी असते. क्रमांक जुळला, की प्रणालीचा गाभा तो चालक आपण होऊन कामास लावतो.

२००७ साली तैवानच्या एसुस कारखान्याने ‘ई पीसी ७०१’ हा सात इंची पडद्याचा चिमुकला लॅपटॉप काढला. त्यात लिनक्स-प्रणाली घालूनच दिलेली होती. त्याच्या तारेच्या जोडणीचे क्रमांक होते १९६९ आणि २०४८. म्हणजे अटॅन्सिक या निर्मात्याची ‘एल-२’ चिप. तिचा ‘एटीएल२’ हा चालक लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आला तो डिसेंबर २००८ मधील २.६.२८ या आवृत्तीत. तत्पूर्वी कोणी या यंत्रावर दुसरी लिनक्स-प्रणाली बसविली, तर चिप धडधाकट असूनही चालकाची सोय वेगळी करावी लागे. परंतु क्रमांक हाती असल्यामुळे काय शोधावयाचे, याविषयी संदेह उरत नसे.

ओळख पटल्यानंतर

यावरून अडचणींचे चार प्रकार पडतात. साधन कोणत्याही यादीत दिसतच नसेल, तर ते सैल झालेले, बिघडलेले अथवा यंत्राच्या आरंभिक मांडणीतच बंद केलेले असू शकते. साधन दिसते, पण चालकाचे नाव नाही, असे असेल तर अधिक नवी प्रणाली बसवून पाहावी. चालक आहे, पण नोंदवहीत ‘फर्मवेअर’ सापडत नाही अशी तक्रार असेल, तर खुद्द चिपमध्ये भरावयाची छोटी आज्ञावली तेवढी कमी आहे. अन् सर्व काही असूनही संपर्क होत नसेल, तर बाजूचे बिनतारी बटण कोणी बंद तर केले नाही ना, हे ‘आरएफकिल’ या आज्ञेने तपासावे.

तिसरा प्रकार विशेष विचार करण्याजोगा आहे. चालक मुक्त असला, तरी पुष्कळ चिपांचे फर्मवेअर मुक्त नसते. निर्माता ते तयार स्वरूपात देतो, त्याची मूळ आज्ञावली देत नाही. तत्त्वनिष्ठ डेबियनने ते अनेक वर्षे आपल्या अधिकृत प्रतिष्ठापन-प्रतीपासून दूर ठेवले. त्यामुळे जाळ्याशी जोडण्यास फर्मवेअर हवे, आणि फर्मवेअर मिळविण्यास जाळे हवे, असा पेच पडे. अखेर २०२२ साली सभासदांच्या मतदानाने धोरण बदलले, आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते सोबत मिळू लागले. जुन्या प्रतीपुढे हा पेच आजही उभा राहतो; तेव्हा भ्रमणध्वनी यूएसबी तारेने जोडून तात्पुरते जाळे मिळविता येते.

गिंडीच्या शेजारी सेंट थॉमस माउंट आहे. त्या परिसरात १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टन यांनी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजावयास घेतली, आणि तिच्या आधारे त्रिकोणामागून त्रिकोण रचीत भारताच्या महासर्वेक्षणाचे काम पुढे गेले. लॅपटॉपच्या आतील त्या दोन छोट्या क्रमांकांचे स्थानही असेच आहे. ते नीट वाचून कागदावर टिपून घेतले, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी तर्कावर न सोडता पडताळून पाहता येते. मग लॅपटॉप कपाटात ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याने निदान एवढी मोजणी करून पाहावयास काय हरकत आहे?