तळपायावरचा डाग

आषाढात कामथडीच्या खाचरात उतरलं की पाऊल घोट्यापर्यंत चिखलात जातं आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच राहतं. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात, काटा मोडतो, कुरूप धरतं. भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात पायाच्या दुखण्यांना इतकी नावं आहेत, की एखादा काळा डागही त्यांतल्याच एका नावाखाली खपून जातो. कुरूप समजून तो पत्तीने तासतात, त्यावर बिब्बा घालतात. बहुतेक वेळा तो खरोखरच कुरूप किंवा साधा तीळ असतो. क्वचित कधी तो मेलॅनोमा असतो, आणि मग तासण्या-पोळण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

मेलॅनोमा हा गोऱ्या कातडीचा, उन्हाचा रोग, असं सर्वत्र वाचायला मिळतं. ऑस्ट्रेलियात दर लाख लोकांमागे वर्षाला तीसहून अधिक जणांना तो होतो, आपल्याकडे एकाहूनही कमी जणांना. या आकड्याने आपण निर्धास्त झालो. पण आपल्याकडचा मेलॅनोमा मोठ्या प्रमाणात तळपाय, तळहात, नखाखालची जागा आणि नाका-तोंडाच्या आतली अस्तरं अशा ठिकाणी येतो. तिथं ऊन पोचत नाही. म्हणजे आपला रोग नुसता विरळ नाही, तो निराळाही आहे. औषधांचा विचार करताना हा निराळेपणा फार महागात पडतो, आणि या लेखाचं कारण तेच आहे.

आधी पेशीकडे पाहू. रंगद्रव्य तयार करणाऱ्या या पेशी, मेलॅनोसाइट, मूळच्या कातडीच्या नव्हेत. गर्भात पाठीच्या कण्याच्या रेषेवरून त्या निघतात आणि लांबचा प्रवास करून कातडीत येऊन वसतात. तिथं त्या मेलॅनिनचे कण बनवून शेजारच्या पेशींना वाटतात. ते कण पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे जमतात. आमच्या भागातली जुनी माणसं पावसात लावणी करताना पाठीवर इरलं घेत, अगदी तसं हे इरलं, उन्हापासून जनुकं झाकणारं. काळ्या-सावळ्या कातडीचं इरलं घट्ट विणलेलं असतं, म्हणून ऊन तिला कमी बाधतं. पण प्रवासाची, पसरण्याची जुनी सवय या पेशीत दडलेलीच असते. ती पेशी बिघडली की दूरवर जायला तिला वेळ लागत नाही.

बिघडते कशी? पेशीला ‘वाढ’ असा निरोप बाहेरून मिळतो आणि तो टप्प्याटप्प्याने केंद्रकापर्यंत जातो. रात्री शेताला पाणी देताना दारं धरतात, तशी ही व्यवस्था असते. एका वाफ्याचं दार उघडायचं, तो भरला की बुजवायचं. या वाटेवर बी-रॅफ नावाचं एक प्रथिन आहे. २००२ साली इंग्लंडच्या सँगर संस्थेतल्या गटाने दाखवून दिलं की मेलॅनोमाच्या बऱ्याच गाठींत या प्रथिनाच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. ६००व्या जागी व्हॅलिन हवं, तिथं ग्लुटामिक आम्ल येतं. एवढ्याने दार उघडं अडकतं आणि पाणी वाहतच राहतं.

ते दार बंद करणारं पहिलं औषध, वेमुराफेनिब, अमेरिकेत २०११ साली मंजूर झालं. त्याआधी पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्मे रुग्ण वर्षभराच्या आतच जात. नव्या गोळ्यांनी गाठी काही आठवड्यांत विरघळू लागल्या. पण काही महिन्यांनी त्या परत आल्या. पाणी दुसऱ्या पाटाने वळलं होतं. मग पुढचं दार, मेक नावाचं, तेही सोबत बंद करायची रीत आली. डाब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या जोडीवर पाच वर्षांनी सुमारे एक तृतीयांश रुग्ण हयात होते.

तळपायाच्या मेलॅनोमात मात्र हे बी-रॅफचं दार फार थोड्यांतच मोडलेलं असतं. एका अक्षराच्या चुकीपेक्षा जनुकांचे अख्खे तुकडे पुन्हा पुन्हा नकलले जाणं, हा इथला दोष. हे पायातच का, याचं एक सुंदर उत्तर २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलं. न्यूयॉर्कच्या एका गटाने पट्टेरी झेब्राफिश माशात सीआरकेएल या जनुकासह पायाच्या मेलॅनोमातले बदल घातले, तेव्हा गाठी माशाच्या परांवर उठल्या. पर म्हणजे त्याचे हातपायच. हात-पाय घडवणाऱ्या हॉक्स-१३ जनुकांची आठवण त्या पेशींत शिल्लक असते आणि हे बदल त्या आठवणीच्या आधाराने फोफावतात. पेशी आपलं गाव विसरत नाही, असं मला हे वाचताना वाटलं.

जागेचा आणखी एक धागा आहे. २०१६ साली जपानी डॉक्टरांनी तळपायावरच्या मेलॅनोमाच्या जागा नकाशावर मांडल्या. जिथं चालताना भार पडतो, तिथंच, टाचेवर आणि चवड्यावर, त्या दाटलेल्या दिसल्या. मला इथं मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर आठवतात. टाटा रुग्णालयातल्या या विकृतिशास्त्रज्ञाने १९४५ साली डॉ. सूर्याबाईंसोबत धोतराच्या गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद जगापुढे ठेवली. तो रोग वेगळ्या जातीचा. पण माणूस काय नेसतो, कुठं काचतं, हे पाहूनच रोग कळतो, ही दृष्टी त्यांनी दिली. अनवाणी चालणाऱ्या भातपट्ट्यातल्या पायांकडे तशा नजरेने पाहायला हवं.

पायाच्या आणि अस्तरांच्या मेलॅनोमात, दहा ते वीस टक्क्यांच्या घरात, किट नावाचं जनुक बिघडलेलं सापडतं. त्यावर चालणारं औषध आहे, इमॅटिनिब, मूळचं रक्ताच्या कर्करोगाचं. किट ठरावीक जागी बिघडलेलं असेल तर चार-पाचांत एखाद्या रुग्णाच्या गाठी त्याने आकसतात. आकडा लहान आहे, तरी त्यामागची गोष्ट सांगायलाच हवी. नोव्हार्टिस कंपनीला या औषधाच्या ‘ग्लिवेक’ रूपाचं भारतात पेटंट हवं होतं. ग्लिवेकचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जाई, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजार. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची, १९६९ सालापासून काम करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचा दावा फेटाळला गेला. किटचं दार मोडलेल्या शेतकऱ्याला आज ती गोळी परवडू शकते, याचं श्रेय त्या निकालाला आहे. अडचण आहे ती किट तपासून घेण्याची. गाठीचा तुकडा जनुकीय तपासणीला गेलाच नाही, तर स्वस्त गोळीही कपाटातच राहते.

दुसरी वाट राखणदारांची. शरीराच्या टी-पेशी शत्रू ओळखतात, पण त्यांना आवरणारे लगामही असतात. सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही त्यांची नावं. कर्करोग हे लगाम ओढून धरतो. ते सोडवायची युक्ती शोधणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही लगाम सोडवणारी औषधं एकत्र दिलेल्या पसरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनीही हयात असल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. हे रुग्ण मुख्यतः उन्हाच्या मेलॅनोमाचे होते. उन्हाने जनुकांत हजारो चुका केलेल्या असतात, म्हणून राखणदारांना ती पेशी परकी वाटते. पायाच्या मेलॅनोमात चुका थोड्या, ओळख पटणं अवघड, आणि परिणामही कमी.

या उपचारात काहींच्या अंगावर पांढरे डाग उठतात. चवताळलेल्या टी-पेशी निरोगी रंगपेशींनाही मारतात. असे डाग आलेले रुग्ण सरासरीने अधिक जगतात. ज्या समाजात कोडाने लग्नं मोडली, ज्या दुःखावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांना ‘नितळ’ हा चित्रपट काढावासा वाटला, तिथं डॉक्टरांनी या डागाचं स्वागत करावं आणि ते रुग्णाला नीट समजावून सांगावं, हे किती गरजेचं आहे!

या उपचाराच्या किमतीवरही मुंबईतच काम झालं. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं, नेहमीच्या मात्रेच्या सुमारे सहा टक्के. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. मेलॅनोमावर असा अभ्यास आपल्याच रुग्णांत, त्यांच्या तळपायाच्या रोगावर व्हायला हवा. परदेशी चाचण्यांत हे पाय फारसे नसतातच.

तोवर सर्वांत पक्का उपाय सुरीचाच आहे. गाठ किती खोल गेली हे मिलिमीटरमध्ये मोजतात. १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी घालून दिलेलं हे माप अजून चालतं. एक मिलिमीटरच्या आत असताना काढलेली गाठ बहुतेकांच्या बाबतीत तिथंच संपते. ती ओळखायला डर्मोस्कोप हे छोटं भिंग पुरतं, आणि त्यातली खूण शेतकऱ्याला डॉक्टरपेक्षा लवकर कळेल. तळपायाच्या कातडीवर सरी आणि वरंबे असतात. जपानचे तोशिआकी सायदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की साध्या तिळाचा रंग सरीत साचतो, मेलॅनोमाचा वरंब्यावर चढतो. सात मिलिमीटरहून मोठा झालेला, कडा वेड्यावाकड्या झालेला किंवा न भरणारा डाग, नखावर रुंदावत मुळाच्या कातडीत उतरलेला काळा पट्टा, यांपैकी काही दिसलं तर पत्ती आणि बिब्बा बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा.

लावणी उरकून माणसं संध्याकाळी घरी येतात, दारातल्या दगडावर पाय घासून धुतात. चिखल उतरतो आणि तळवा दिसतो. तेव्हा एकमेकांचे तळवे पाहायचे, कारण स्वतःचा नीट दिसत नाही.